महाराजांचं ताट

धरणात बुडालेलं गाव नव्या जागी बसलं, तेव्हा सगळ्यात आधी मंदिर उभं राहिलं. पुजारी महाराजांच्या जेवणाची घरोघर पाळी लागली. शाळेला मात्र वर्षभर मास्तर मिळेना. मास्तर मागायला मेहकरच्या शिक्षण कचेरीत चकरा मारून छायाच्या चपला झिजल्या. आज पाळी तिचीच होती. ताट ठेवताना तिचा संताप बाहेर पडलाच.

"महाराज, दुपारभर रिकामेच तं असता. पोरायले दोन अक्षरं शिकवा ना!"

महाराजांनी इकडंतिकडं पाहिलं. "ताई, डी.एड. झालं माह्यं. इथं येण्याआधी दुसऱ्या गावात दोन वर्षं फुकट शिकवलं. कोणी कपभर चहाले बोलावलं नाही."

"मंग इथं काऊन नाही सांगितलं?"

त्यांनी ताट जवळ ओढलं.

"तुम्हीबी नका सांगू. मास्तर आहो हे गावाले समजलं, तं उद्यापासून ताट येणार नाही."