सामान हलणार नाही

माझी खोली एक, पोट एक. सकाळी दोन-चार कपडे शिवते, त्यात भाडं सुटतं, चूल पेटते. दुपारी मशीन झाकून खुशाल ताणून देते. जास्तीचं काम दारात आलं तरी परत पाठवते.

परवा थोरला लेक थेट टेम्पोच घेऊन आला. "आई, सामान बांध. आमच्याकडे चल."

"का रे बाबा? इथं मला काय कमी आहे?"

"तुला नसेल गं, पण माझी मान खाली जाते. ऑफिसात, शेजारीपाजारी, जो तो विचारतो, आईला टाकलीस का?"

टेम्पोवाल्याला चहा पाजला आणि रिकामाच वाटेला लावला. मग लेकाकडे वळले.



"मान वर करून सांग त्यांना. म्हणावं, आईनंच आम्हाला टाकलंय."