साक्षीदाराला सनद लागत नाही

"डोकं मागे टेका, मॅडम," तंत्रज्ञ म्हणाला. "तुमच्या मुदतीतल्या खटल्यांच्या तेवढ्या आठवणी पुसल्या जातील. घरचं काही जाणार नाही."

निवडणूक हरलेल्या जिल्हा सरकारी वकील पद्मिनी ढवळे उभ्याच राहिल्या. त्यांच्या जागी निवडून आलेले राजूरकर शेजारीच होते. ज्या कारखानदाराच्या गाड्या राजूरकरांच्या प्रचारात फिरल्या, त्याच्याच कारखान्यातल्या आगीत सुखदेव हा कामगार भाजला होता. 'मालकानं बाहेरून कडी घालायला लावली,' असं त्यानं मरताना सांगितलं, तेव्हा दवाखान्याच्या खोलीत पद्मिनीबाईंशिवाय कोणी नव्हतं.

"पद सोडणारा प्रत्येक वकील आठवणी पुसूनच जातो, बाई," राजूरकर म्हणाले. "नकार दिलात तर सनद जाईल. जन्मात पुन्हा कोर्टात उभं राहता येणार नाही."

"वकील म्हणून नाही येणार. साक्षीदाराला सनद लागत नाही, राजूरकर."

कोणी काही बोलायच्या आत त्या बाहेर पडल्या आणि रस्ता ओलांडून कोर्टात गेल्या. सुखदेवची बायको पायरीवर बसली होती. खटला आता मागे घेणार, हे तिच्याही कानावर आलं होतं.

"ऊठ, सुमन," पद्मिनीबाई म्हणाल्या. "तो काय म्हणाला, ते मला शब्दन् शब्द आठवतंय."