विहिरीचें बोलूं नका

"विहिरीचें बोलूं नका हां," ताराबाई पाहुण्याकडे बघून गोड हसत म्हणाल्या. पाहुण्याला वाटावं, बाई कॉफीचा आग्रह करताहेत.

तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत मराठी घरांना ही एक मोठी सोय होती. परक्या माणसाच्या तोंडावर मराठीत हवं ते बोलावं आणि वर त्याचाच पाहुणचार करावा. तुळजारामही तसेच हसले. "मी काय खुळा आहे?" असं बायकोला मराठीत म्हणाले आणि गिऱ्हाइकाकडे वळून तमिळमध्ये सांगू लागले, "आमच्या विहिरीला बारमाही पाणी. आणि गोड किती! अमृत म्हणा ना."

गिऱ्हाईक देवानं धाडल्यासारखं आलं होतं. जमिनीच्या कायद्याची कुणकुण लागल्यापासून पैसेवाल्यांनी हात आखडले होते. गल्लीत विकायची घरं उदंड, घेणारा एक नाही. तुळजारामांच्या दारावरची पाटी दोन उन्हाळे खाऊन फिकी पडली होती. दिल्लीचा मुलगा पत्रामागून पत्र लिहीत होता, की आता विका आणि इकडे या. आणि आज मन्नारगुडीचे हे रामस्वामी, भाताच्या गिरणीचे मालक, सगळं घर हिंडून, भिंती थोपटून, दारापुढच्या तिण्णैवर, म्हणजे ओट्यावर, निवांत टेकले होते. किमतीत त्यांनी घासाघीससुद्धा केली नाही.

"पोट बघा कसें," ताराबाई म्हणाल्या. "गिरणी बरी चालते."

"हळू."

"त्याला काय कळतें? आणि पेला आंत आणूं नका, तेथेंच राहूं द्या. मी मागून उचलतें."

बाहेरच्यांसाठी ठेवलेला तो पितळेचा पेला होता. रामस्वामींनी कॉफी संपवली, उठून कोपऱ्यातल्या घंगाळातलं पाणी घेऊन पेला विसळला आणि तिण्णैच्या कडेला पालथा घातला. ताराबाई खूश झाल्या. "रीतीचा माणूस आहे हो!"

मग रामस्वामींनी पिशवीतून ताट काढलं. त्यात विड्याची पानं, सुपारी, नारळ आणि विसाराचं पाकीट मांडलं. ताट उचलून पुढे करणार, तोच थांबले.

"एक विचारायचं राहिलं," ते तमिळमध्ये म्हणाले. "दस्ताला वारसांच्या सह्या लागतील. तुम्हाला मुलं किती?"

तुळजारामांनी बायकोकडे पाहिलं. या वेळी ताराबाई हसल्या नाहीत. पदराचं टोक बोटाला गुंडाळत खाली बघून म्हणाल्या, "एकच म्हणा."

"एकच," तुळजाराम म्हणाले. "मुलगा. दिल्लीला असतो."

रामस्वामींनी ताट परत मांडीवर घेतलं. कलंडलेला नारळ नीट बसवला.

"विहीर वैशाखांत आटते," ते म्हणाले.

मराठीत म्हणाले. धडा म्हणून दाखवणाऱ्या पोरासारखं, एकेक शब्द सावकाश, पण शुद्ध तंजावुरी मराठीत. तुळजारामांना आधी वाटलं, रस्त्यावरून जाणारं कुणी बोललं. त्यांनी वळून रस्त्याकडे पाहिलंसुद्धा. रस्त्यावर कुणी नव्हतं.

"शेजारून पाणी आणावें लागतें," रामस्वामी पुढे बोलले. "दर उन्हाळ्यांत घागरी तिनेंच वाहिल्या म्हणते. कनकलता. माझी सून."

लेकीनं जातीबाहेर लग्न केल्याची तार आली, तेव्हा तुळजारामांनी ती अर्धी वाचूनच फाडली होती आणि विहिरीवर जाऊन लेक मेल्याची आंघोळ केली होती. मुलगा कुणाचा, गाव कुठलं, काही विचारलं नाही. त्या दिवसापासून हे नाव घरात कुणी घेतलं नव्हतं.

तुळजाराम उठले आणि का उठलो ते न कळून पुन्हा बसले. विहीर, पोट, पेला, सगळं एकामागून एक कानात वाजू लागलं. शेवटचं 'एकच' तर त्यांच्याच आवाजात. लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. तोंडातून कसंबसं एवढंच निघालं, "मराठी... तुम्हांला?"

"सून घरांत बोलते. ऐकून ऐकून आली." रामस्वामींनी ताट दोघांच्या मध्ये तिण्णैवर ठेवलं. "घर तिला हवें आहे. दस्त तिच्या नांवानें करूं. विहीर आटते तरी किंमत तीच."

तुळजारामांचा हात ताटाकडे गेला आणि अर्ध्यावरच राहिला. घ्यावं तर मेलेल्या मुलीला घर विकायचं. न घ्यावं तर दुसरं गिऱ्हाईक कुठून आणायचं? त्यांनी बायकोकडे पाहिलं. आता मराठीतही तिला काही सांगायची सोय उरली नव्हती.

ताराबाई उंबऱ्याबाहेर आल्या होत्या. खाली वाकून त्यांनी तो पालथा पेला उचलला, पदरानं आतून-बाहेरून पुसला आणि छातीशी धरला. इतक्या वर्षांचं विचारायचं होतं, त्यातलं एकच त्यांना सुचलं.

"तिला लेकरें किती?"

"दोन," रामस्वामी म्हणाले. "एक मुलगा, एक मुलगी." मग तुळजारामांकडे बघून शांतपणे म्हणाले, "आम्ही दोन्ही मोजतों."