तात्यांचा पंप अडकला

"ओढा!" मुकादम ओरडला. यंत्राने पंपाला जोडलेल्या सळ्यांना हिसका दिला. सळ्या ताणल्या, पण विहिरीच्या तळातला पंप जागचा हलला नाही.

"घट्ट बसलाय," लंबू म्हणाला. "नळीसकट उपसावा लागणार."

कुंपणापाशी उभ्या असलेल्या म्हाताऱ्याकडे त्याने मुद्दामच पाहिलं नाही. ते तात्या, या तेलविहिरीचे ऑपरेटर आणि लंबूचे वडील. त्यांच्या हाताखालची नोकरी नाकारून लंबूने ही टोळी धरली, रुतलेले पंप उपसत हिंडणारी, तेव्हा तात्या म्हणाले होते, "खुशाल जा. माझ्या विहिरीवर तुझी गरज कधी पडायची नाही."

आणि खरंच पडली नव्हती. या पट्ट्यात तेलाबरोबर वाळू येते. सगळ्यांचे पंप वरचेवर अडकायचे, तात्यांचा कधीच नाही. कंपनीचे साहेब नवशिक्यांना शिकायला त्यांच्याकडेच धाडायचे. लंबू टोळीत गेल्यापासून बापलेक बोलले नव्हते.

दुपारी पंप वर आला. लंबूने खालची जाळी पाहिली. स्वच्छ होती. मग पंपावरच्या नळीत बोटं घातली. वाळू गच्च ठासलेली.

मोटर चालू असेतो तेल वाळूला वर घेऊन येतं. मोटर थांबली की तीच वाळू खाली पंपावर बसते. हे त्याला लहानपणी बापानेच शिकवलं होतं. मोटर कुणीतरी बंद ठेवली होती, आणि इथे तात्यांवाचून दुसरं कुणी नव्हतं.

विसरले असणार. वय झालं. साहेबांच्या कानावर गेलं तर घरी बसवतील, आणि विहिरीविना हा माणूस हाय खाईल.

तात्या जवळ आले. "वाळलास."

"तुम्ही कुठे बाळसं धरलंय?"

"माझं वय झालं. तुला काय धाड भरलीय?" तात्या गुरकावले. "हात धू. घरात जेवण झाकून ठेवलंय."

"टोळी आहे बरोबर."

"मग त्यांनाही आण. पुरेल." जरा थांबून त्यांनी विचारलं, "कशाने अडकला म्हणायचा?"

"वीज गेली असेल," लंबू नळीकडे बघत म्हणाला.

तात्या घराकडे वळले.

संध्याकाळी नवा पंप खाली गेला, सामान गाडीत चढलं. लंबूने मुकादमाला बाजूला घेतलं.

"साहेबांना वीज गेली होती असंच सांगा. म्हातारा मोटर चालू करायला विसरला. एवढी वर्षं कमावलेलं नाव आहे, जायला नको."

मुकादमाने सावकाश हातमोजे काढले.

"सांगतो की. पण विसरला-बिसरला काही नाही, लंबू. पंप अडकला मंगळवारी. तुझ्या बापाचा फोन मला सोमवारीच आला होता. 'आमचा मुलगा अजून तुमच्याच टोळीत आहे ना?' एवढंच विचारलं आणि ठेवून दिला."