शेवटचं चित्र

छत्तीस वर्षं मी नाशिक रोडच्या प्रेसमध्ये छापील कागद तपासले. पहिल्याच दिवशी आमच्या सुपरवायझरनी बजावलं होतं, "चांगल्या कागदाकडे बघत बसलास, तर खराब निसटतो." तेच मी पुढे नव्या भरतीला शिकवलं आणि निरोप समारंभातही तेच सांगून टाळ्या घेतल्या. परवा गंगापूर रोडच्या एका हॉलमध्ये मृण्मयीच्या चित्रांचं पहिलं प्रदर्शन भरलं. दोन वर्षं राबली होती माझी पोर. सगळी चित्रं मी दहा मिनिटांत बघून आलो आणि तिला सांगितलं, "तिसऱ्याची फ्रेम उजवीकडे कललीये. आठव्यावर खाली रंगाचा ठिपका उडालाय. बाकी ठीक." "आणि शेवटचं, बाबा?" "त्यात काही सापडलं नाही गं." ती हळूच म्हणाली, "त्यात तुम्ही होतात." मी तसाच मागे फिरलो. दिव्याखाली मान घालून कागद तपासणारा पांढऱ्या मिशांचा माणूस भिंतीवर होता. खाली चिठ्ठी होती, 'बाबा. विक्रीसाठी नाही.' मृण्मयी शेजारी येऊन उभी राहिली. आता नुसतं चित्र बघायचं, दुसरं काही नाही, असं मी मनाशी घट्ट ठरवलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "छान आहे गं," मी म्हणालो, आणि ते खरं होतं. "कुठे चुकलंय, बाबा?" तिनं विचारलं. माझं बोट चित्रातल्या डाव्या कानाकडे कधीच गेलं होतं.