घरी पत्र

अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या एका शाळेत नवा नियम कडक पाळला जात होता. जन्मदाखल्यावर मुलगी असलेल्या पंधरा वर्षांच्या पेजने वर्गात सांगितलं, "मी मुलगा आहे, मला वेस म्हणा." तासाभरात मुख्याध्यापक बडी क्रेनशॉ यांनी कारकून लॉरेटाला पेजच्या घरी पाठवायचं पत्र टाइप करायला सांगितलं.

"बडी, शुक्रवारपर्यंत थांब रे. ते लेकरू स्वतःच बापाला सांगणार आहे. असं पत्रातून कळलं, तर बाप घराबाहेर काढील त्याला."

"कायद्यात शुक्रवार-बिक्रवार नाही, लॉरेटा. जन्मदाखल्यावरचं नाव सोडून शाळेत दुसरं लावलं, की आईबापाला कळवायचं आणि त्यांची लेखी संमती मागायची. मग तो कोणी का असेना."

"कोणीही?"

"अगदी कोणीही!"

लॉरेटाने दोन पत्रं टाइप केली आणि सहीसाठी त्यांच्यापुढे ठेवली. दुसरं पत्र वर होतं.



"श्रीमती क्रेनशॉ यांस, आपला मुलगा एल्मर शाळेत 'बडी' हे नाव लावतो. आपली लेखी संमती येईपर्यंत त्याला कुठल्याही पत्रावर त्या नावाने सही करता येणार नाही."