गिअरची गाडी

जुन्या गाडीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स हिसके देऊ लागला, तेव्हा मेकॅनिक म्हणाला, "तेल आणि फिल्टर बदलला की सुतासारखी चालेल." पण नवऱ्याने ऐकलं नाही. त्याने भंगारातून साधा गिअरबॉक्स आणवला, क्लच बसवून घेतला आणि घरी येऊन बायकोला म्हणाला, "आता बघतो, ऊठसूट माहेरी कशी पळतेस ते!"

तिला फक्त ऑटोमॅटिक चालवता येते, अशी त्याची खात्री होती. त्यातून किल्ली तो अंघोळीलाही सोबत न्यायचा.

काही दिवसांनी तिनेच विनवलं, "मला शिकवा ना." बायकोला झापायची आयतीच संधी मिळाली म्हणून तो खूश झाला. रिकाम्या रस्त्यावर त्याने तिला स्टिअरिंगवर बसवलं. मागच्या सीटवर लेक होती. गाडी सारखी बंद पडत होती, गिअर करकरत होते.

"अक्कल गहाण ठेवलीस का? क्लच प्लेट जाळशील माझी! ऊठ, उतर खाली!" दार आपटून तो उतरला आणि मागून वळसा घालून तिच्या दाराकडे निघाला.

तिने आतून लॉक लावलं, पहिला गिअर टाकला आणि गाडी जराही हिसका न देता अलगद निघाली. तो मागे धावत, शिव्या देत लहान होत गेला.

"आई, तुला गिअरची गाडी येते?" लेकीने डोळे विस्फारून विचारलं.



"शेजारच्या काकूंच्या गाडीवर कधीच शिकले गं. फक्त ही किल्ली हातात यायची राहिली होती."